एमआरआय नॉर्मल, तरी कानात आवाज का? टिनिटसच्या समुपदेशनाचा माझा अनुभव

कानात सतत आवाज येतोय (यालाच टिनिटस म्हणतात), सगळे रिपोर्ट 'नॉर्मल' आलेत आणि डॉक्टर म्हणतात 'आता सवय करून घ्या', अशा टप्प्यावर जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझ्या कानातला आवाज अजून गेलेला नाही. तो घालवण्याचा हमखास उपाय आज वैद्यकशास्त्राकडे नाही, त्यामुळे तसं काही इथे सापडणार नाही. मात्र तो का सुरू झाला, का टिकला आणि त्याचा एवढा त्रास का होतो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत, हे मला समुपदेशनात कळलं. तोवर हे तिन्ही प्रश्न मला एकच वाटत होते आणि कोणी ते सुटे करून सांगितलेही नव्हते.

सुरुवात डिसेंबरातली. सर्दीचं निमित्त झालं. सर्दी गेली, कानांचे दडे सुटले, पण डाव्या कानात बारीक, उंच पट्टीतला 'कुईं' असा आवाज मागे राहिला. दिवसा गडबडीत तो जाणवायचा नाही. रात्री दिवे मालवले की तेवढाच ऐकू यायचा. फ्रिज बंद करून पाहिला, भिंतीतले चार्जर काढून पाहिले. आवाज माझ्याच कानात आहे हे लक्षात आलं तेव्हा पोटात खड्डा पडला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे गेले. कानात मळ होता, तो त्यांनी काढला. आवाज तसाच. पडदा ठीक होता. त्यांनी एक प्रश्न मात्र दोनदा विचारला: 'ऐकू येणं एकाएकी कमी झालं का? एका दिवसात, एका रात्रीत?' तसं झालं नव्हतं. हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे मला नंतर कळलं, म्हणून इथेच सांगते. आवाजासोबत एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल तर सर्दीमुळे असेल म्हणून वाट पाहू नका. ती तातडीची बाब असते. त्यावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच त्यांचा खरा उपयोग होण्याची शक्यता असते.

कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ मिळाली फेब्रुवारीच्या अखेरीस. तोवरचे आठवडे फार वाईट गेले. झोप तुटायची, दिवसा चिडचिड, आणि रात्री मोबाइलवर शोधाशोध. शोधलं की कारणांची लांबच लांब यादी समोर यायची: मळ, मोठा आवाज, वय, रक्तदाब, थायरॉइड, मान, जबडा, औषधं, गाठ. प्रत्येक ओळ वाचताना वाटायचं की हे आपल्यालाच झालंय.

तज्ज्ञांनी तपासणी नीट केली, हे मान्य करायलाच हवं. आवाज एका कानात की दोन्ही, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडतो का, चक्कर येते का, कोणती औषधं चालू आहेत, असं सगळं विचारलं. मानेवर आणि कानामागे स्टेथोस्कोप लावून ऐकलं. ट्यूनिंग फोर्क लावून पाहिला. मग श्रवण चाचणी, पडद्यामागचा दाब पाहणारी टिंपॅनोमेट्री आणि काही रक्ततपासण्या लिहून दिल्या. आवाज एकाच बाजूला असल्यामुळे एमआरआयही सांगितला. आवाज फक्त एका कानात असेल, दोन कानांच्या ऐकण्यात फरक असेल किंवा आवाज नाडीच्या लयीत असेल, तर अशी तपासणी करतात. ऐकण्याच्या आणि तोलाच्या मज्जातंतूवर कधी कधी वाढणारी साधी, कर्करोगाची नसलेली गाठ तर नाही ना, हे त्यात मुख्यतः पाहायचं असतं. दोन्ही कानांत सारखाच आवाज आणि सारखंच ऐकणं असेल, तर बहुतेकांना एमआरआयची गरज पडत नाही.

या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त पैसे एमआरआयवरच गेले. विमा असेल तर आधी पूर्वपरवानगीची चौकशी करा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसतं 'टिनिटस' न लिहिता 'एका बाजूचा टिनिटस' असं लिहून घ्या. माझा अर्ज पहिल्यांदा याच कारणावरून परत आला होता. आणखी एक: एमआरआयच्या यंत्राचा आवाज 100 डेसिबलच्या वर जाऊ शकतो. कानात घालायचे बोळे आणि त्यावर हेडफोन असं दोन्ही मागा. मागितलं की देतात.

रिपोर्ट मार्चच्या मध्यावर आला. नॉर्मल. नवऱ्याने सुटकेचा नि:श्वास टाकला, पण मला तो टाकता येईना. गाठ नाही हे कळलं, पण मग आवाज कुठून येतोय? तज्ज्ञांनी रिपोर्ट उलटून पाहिले आणि म्हणाले, 'काही नाहीये. सवय करून घ्या.' चिठ्ठीवर जीवनसत्त्वाच्या आणि जिंको या वनस्पतीच्या अर्काच्या गोळ्या होत्या. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत टिनिटससाठी जिंको, झिंक, मेलाटोनिन अशा गोळ्या देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच सूचनांत रुग्णाला समजावून सांगणं हा मात्र उपचाराचा भाग मानला आहे. माझ्या बाबतीत गोळ्या मिळाल्या, समजावणं राहिलं.

मीच मग विचारलं की हे समजावून सांगणारं कोणी आहे का. तेव्हा ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे, टिनिटस समुपदेशनासाठी चिठ्ठी मिळाली. वेळ होती मेच्या शेवटच्या आठवड्यातली. थोडक्यात, विचारल्याशिवाय ही चिठ्ठी मिळेलच असं धरून चालू नका.

त्याआधी घरी एक प्रश्नावली भरायला दिली होती. टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी हे तिचं नाव. 1996 सालापासून ती वापरात आहे. 25 प्रश्न, प्रत्येकाला 'हो', 'कधी कधी' किंवा 'नाही' हे उत्तर, आणि त्याला 4, 2 किंवा 0 गुण. बेरीज 100 पैकी. आवाजामुळे लक्ष लागत नाही का, हतबल वाटतं का, माणसांत मिसळणं टाळता का, असे प्रश्न. माझी बेरीज 62 आली, म्हणजे 'तीव्र' गटात. प्रश्नावली भरताना रडू आलं, पण बरंही वाटलं. आपल्याला जे होतंय ते छापील कागदावर आधीच लिहिलेलं आहे, म्हणजे ते आपल्या एकटीचं नाही, एवढं तरी कळलं.

जाताना सगळ्या रिपोर्टांच्या मूळ प्रती, चालू औषधांची डोसासकट यादी आणि सोबत घरातलं एक माणूस, एवढं न्या. मी नवऱ्याला घेऊन गेले आणि त्याचा फार उपयोग झाला.

ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी फाइल उघडली नाही. आधी विचारलं, 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आवाज कशामुळे येत असेल?' हे मला पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी भडाभडा सांगितलं: मानेची नस दबली असेल, रक्तदाब असेल, कुठलं जीवनसत्त्व कमी असेल, मेंदूत असं काही असेल जे एमआरआयमध्ये दिसलं नाही. त्या एकेक ओळ लिहून घेत होत्या, मध्ये बोलल्या नाहीत. सगळं संपल्यावर फाइल ओढली आणि प्रत्येक ओळीसमोर लिहिलं की ही शक्यता कुठल्या तपासणीत, कुठल्या तारखेला तपासली गेली. रक्तदाबासमोर आकडे. गाठीसमोर एमआरआयची तारीख. औषधांच्या यादीवरून बोट फिरवलं. ॲस्पिरिन मोठ्या डोसात, काही प्रतिजैविकांची इंजेक्शनं, सिस्प्लाटिनसारखी कर्करोगावरची औषधं कानाला बाधू शकतात. माझ्या यादीत तसलं काही नव्हतं. असतं तरी 'स्वतःहून औषध बंद करायचं नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं' असं त्यांनी बजावलं. मानेच्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, 'दात घट्ट आवळा बरं.' आवळले. आवाज क्षणभर चढला. मी घाबरले, त्या हसल्या. जबडा आणि मानेकडून येणारे संदेश आणि कानाकडून येणारे संदेश मेंदूच्या खालच्या भागात एकमेकांना भेटतात, त्यामुळे खूप जणांचा आवाज असा बदलतो. नस दबल्याची ती खूण नव्हे.

मग माझा ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा असल्यावर ऐकू येतो याचा आलेख, समोर ठेवला. आधीच्या शेऱ्यात फक्त 'वयोमानानुसार' असं होतं. मी 47 वर्षांची. 250 ते 2000 हर्ट्झपर्यंत रेघ 20 डेसिबलच्या आत, म्हणजे उत्तम. 4000 ला ती घसरून 45 वर, 6000 ला 55 वर आणि 8000 ला थोडी सावरून 40 वर. उजव्या कानाची रेघही जवळपास तशीच. मॅडमनी त्या खळग्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, 'मोठ्या आवाजात काम केलंय कधी?' छापखान्यात यंत्रांच्या शेजारी माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. कानाला काही लावायची पद्धत तेव्हा तिथे नव्हती. 4000 ते 6000 हर्ट्झच्या आसपासचा असा खळगा मोठ्या आवाजाने झालेल्या इजेत नेहमी दिसतो.

त्याच कागदाच्या पाठीमागे त्यांनी आतल्या कानाची गुंडाळी काढली. तिच्यात ओळीने ठिपके दिले. प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केशपेशी असतात, साधारण 3,500 आतल्या आणि 12,000 बाहेरच्या. गुंडाळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि मोठ्या आवाजाचा, वयाचा मारा पहिल्यांदा त्यांनाच बसतो. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. हे सांगताना त्यांनी तोंडाजवळचे काही ठिपके खोडले. मला वाईट वाटलं, पण खोटी आशा दाखवली नाही याचं समाधानही वाटलं.

पुढची तपासणी मला सर्वांत जवळची वाटते. बंद खोलीत हेडफोन लावून त्या दोन दोन सूर ऐकवत होत्या आणि माझ्या आवाजाला जवळचा कोणता हे विचारत होत्या. हा की हा? हा की हा? जवळ जवळ येत आम्ही 6000 हर्ट्झच्या आसपास थांबलो. बाहेर येऊन पाहिलं तर तोच आकडा, जिथे रेघ सर्वांत खाली होती. टिनिटसचा सूर बहुतेकदा कमी ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच सापडतो.

हे का होतं, ते त्यांनी असं समजावलं: रेडिओ स्टेशन नीट लागलं नाही की आपण आवाजाचं बटण पिळतो आणि कार्यक्रमाऐवजी खरखरच मोठी होते. कानाकडून त्या पट्ट्यातले संदेश कमी झाले की मेंदू आपल्या बाजूने संवेदनशीलता वाढवतो आणि मज्जापेशींची एरवी न जाणवणारी हालचाल आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. अजून या विषयावर संशोधन चालू आहे आणि हे एकच स्पष्टीकरण नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण माझ्या मनातली गाठ इथे सुटली. एमआरआयमध्ये केशपेशी दिसत नाहीत. 'एमआरआय नॉर्मल' याचा अर्थ धोक्याचं कारण नाही. कारणच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

मी विचारलं, मग आवाज मज्जातंतूतच असेल तर तो कापून टाकला तर? (खरंच, त्या दिवसांत माणूस काहीही विचारतो.) गाठीच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा श्रवणाचा मज्जातंतू कापावा लागला, अशा पुष्कळ रुग्णांचा आवाज नंतरही राहिला, काहींचा वाढला. सुरुवात कानात होते, पण टिकवून धरण्याचं काम मेंदूत चालतं, हे त्यावरूनच कळलं. सर्दी हे फक्त निमित्त होतं. खळगा आधीपासूनच होता. दडे बसल्यामुळे बाहेरचे आवाज कमी झाले आणि आतला पहिल्यांदा लक्षात आला.

आता तिसरा प्रश्न, त्रासाचा. माझा आवाज किती मोठा आहे हेही मोजलं होतं. त्या पट्टीत मला जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीपेक्षा तो फक्त 6 डेसिबल वर निघाला. बहुतेक रुग्णांत तो 10 डेसिबलच्या आतच भरतो. मॅडमनी तो सूर तेवढ्याच पातळीवर नवऱ्यालाही ऐकवायचं ठरवलं. त्याला माझ्यापेक्षा नीट ऐकू येतं, म्हणून त्याच्या कानाच्या हिशेबाने पातळी लावली. हेडफोन लावल्यावर तो म्हणाला, 'एवढाच?' मला राग आला. मॅडमनी सूर बंद केला नाही, बोलत राहिल्या. काही मिनिटांनी त्याने हेडफोन काढले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, 'अगं, हा रात्रभर असतो?' त्यानंतर घरात मला कधी 'लक्ष देऊ नकोस गं' असं ऐकावं लागलं नाही.

आवाजाची पातळी आणि त्रासाची पातळी यांचा मेळ फारसा बसत नाही, हे त्यांनी इथे सांगितलं. टिनिटसचे संशोधक पावेल यास्त्रेबॉफ यांनी 1990 साली मांडलेलं प्रारूप त्यांनी चित्र काढून दाखवलं. मेंदूला रोज असंख्य आवाज येतात आणि बिनमहत्त्वाचे तो आपोआप गाळतो. पण एखाद्या आवाजावर 'धोका' असा शिक्का बसला की भावनांचं केंद्र आणि शरीराला सावध करणारी यंत्रणा जागी होते, छाती धडधडते, झोप उडते, आणि मेंदू तोच आवाज पुन्हा पुन्हा तपासत राहतो. माझ्या आवाजावर हा शिक्का जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्रींत पक्का बसला होता. नुसता आवाज येणं मुळात विरळ नाहीच. 1953 साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी नीट ऐकू येणाऱ्या 80 जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तेव्हा त्यातल्या 94 टक्के लोकांनी कसले ना कसले आवाज ऐकू आल्याचं सांगितलं होतं. म्हणजे पूर्ण शांततेत बसून आवाज आहे का हे तपासलं, तर तो सापडणारच.

मला वाटतं, उपचाराची दिशा या समजावण्यातूनच आपोआप ठरते. कानाकडून संदेश कमी येत असतील तर ते वाढवायचे, म्हणून श्रवणयंत्र. शांततेत आवाज उठून दिसत असेल तर शांतता टाळायची, म्हणून रात्री मंद आवाज. आणि शिक्का पुसायचा, म्हणून विचारांवर काम. गोळी या चित्रात कुठेच बसत नव्हती, हेही माझं मला दिसलं.

जूनमध्ये श्रवणयंत्र चाचणीसाठी घेतलं. विकत घेण्याआधी काही आठवडे वापरून बघायला मिळतं का, हे नक्की विचारा. एमआरआयनंतरचा मोठा खर्च हाच आहे आणि प्रत्येकाला त्याचा सारखाच उपयोग होत नाही. मला झाला. गर्दीत 'स' आणि 'श' हे वर्ण मला निसटत होते हे यंत्र लावल्यावर समजलं, आणि यंत्र कानात असताना आवाज मागे सरकला. रात्रीसाठी मोबाइलवरचं फुकट ॲप पुरलं. त्यात पावसाचा आवाज लावते, पण आपला आवाज बुडेल इतका मोठा नाही. दोन्ही ऐकू येतील एवढाच ठेवायला मॅडमनी सांगितलं होतं, कारण जो आवाज ऐकूच येत नाही त्याची सवय मेंदूला कशी होणार? कानात बोळे घालून फिरायलाही मनाई केली. मोठ्या आवाजाच्या जागी बोळे हवेतच, पण एरवी सतत घातले तर कान साध्या आवाजांनाही बिचकू लागतात.

जुलैपासून मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे त्रास वाढवणारे विचार तपासून बदलण्याचा उपचार, सुरू केली. सुरुवातीला मला ते पटत नव्हतं. आवाज खरा आहे, मग मनाचा डॉक्टर कशाला? पण टिनिटसचा त्रास कमी करण्यासाठी आज ज्या उपायाला सर्वांत चांगला आधार आहे, तो हाच. 'हा आवाज वाढतच जाणार आणि मी काम करू शकणार नाही' असा माझा एक ठरलेला विचार होता. तो वहीत लिहायचा, त्याच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा आहे ते लिहायचं, मग झोपायचं. 6 डेसिबल, एमआरआयची तारीख, खळग्याचं चित्र, सगळं त्या वहीत उतरलं. समुपदेशनात मिळालेली माहिती इथे कामाला आली. कारण माहीत नसतं तर विरुद्ध बाजूच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

सुधारणा सरळ झाली नाही. ऑगस्टमध्ये ताप येऊन गेला आणि आवाज पुन्हा चढला. मी रडकुंडीला येऊन फोन केला. मॅडमनी विचारलं, 'झोप कशी आहे?' झोप नव्हतीच. झोप आणि ताप सावरले तसा आवाजही खाली आला.

नोव्हेंबरमध्ये प्रश्नावली पुन्हा भरली. बेरीज 34, म्हणजे 'सौम्य' गट. सूर तपासला तर तोच, 6000 च्या आसपास, पातळीही जवळपास तीच. आता दिवसातले कित्येक तास तो माझ्या ध्यानीमनी नसतो. हे लिहिताना अर्थातच ऐकू येतो आहे.

पुढची श्रवण चाचणी वर्षभराने आहे. त्याआधी कधी यायचं हे मॅडमनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलं आहे, तुम्हीही आपल्या तज्ज्ञांकडून लिहून घ्या: एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी, आवाज नाडीच्या ठोक्यांबरोबर येऊ लागला, गरगरून चक्कर आली किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली तर लगेच, आणि आवाजामुळे जगणं नकोसं वाटू लागलं तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट. नुसता आवाज एखाद्या दिवशी चढला, तर त्यासाठी फोन केला तरी चालेल, पण धावत यायची गरज नाही.